'आणखी काहीतरी हवं' ही ओढ स्वभावात येते कुठून?

दूरची_वाट | सोमवार, रात्री १०:०५

माझ्या दोन मुली, दीड वर्षाच्या अंतराने झालेल्या. परवा दोघींसाठी पाचशे तुकड्यांचं जिगसॉ आणलं. थोरलीने खोक्याची कडच फाडली, सगळे तुकडे जमिनीवर ओतले, चारही कोपरे हुडकून काढले आणि प्रत्येक कोपरा सापडल्यावर उडी मारली. वीस मिनिटांनी उठून गेली, कारण खाली कुणीतरी नवी सायकल चालवत होतं. धाकटीने मागे बसून आधी निळे तुकडे वेगळे केले. झोपायची वेळ झाली तरी तिचं आकाश लावणं चालूच होतं.

घरातले शेरे ठरलेले आहेत. थोरलीला धीर नाही, धाकटी शहाणी. हे शेरे मला टोचतात, कारण थोरलीच्या जागी मला मी दिसते. लहानपणी हेच ऐकत मोठी झाले. म्हणून गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचतेय. जे कळलं ते मांडते, आणि जे अडलंय ते विचारते.

सुरुवात १९५४ पासून करते. मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. तरफ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेची हलकी चेतना मिळायची. उंदीर ती तरफ दाबतच राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. सगळ्यांना वाटलं, सुखाचं केंद्र सापडलं. डोपामिन हे मेंदूतलं रसायन म्हणजे आनंदाचं रसायन, ही समजूत अजूनही त्याच वळणाची आहे.

मला खरा धक्का बसला तो केंट बेरिज यांच्या कामाने. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तपासले ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं. त्या उंदरांनी खाणं सोडलं. समोर अन्न असून ते त्याकडे जात नसत, भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण जिभेवर गोड थेंब सोडला की पूर्वीसारखेच ओठ चाटायचे. म्हणजे गोडी शाबूत होती, तिच्याकडे जायची ओढ तेवढी गेली होती. 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचा मुख्य संबंध दुसरीशी आहे.

आता स्वभावाकडे येते. जेफ्री ग्रे या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास मांडलं की माणसाच्या वागण्यामागे दोन यंत्रणा असतात. एक बक्षिसाची चाहूल लागली की पुढे नेते, दुसरी धोक्याची चाहूल लागली की थांबवते. प्रत्येकात दोन्ही असतात, पण कुणाची कुठली किती चटकन जागी होते हे वेगळं. १९९४ मध्ये कार्व्हर आणि व्हाइट यांनी ते मोजायला प्रश्नावली केली. तिच्यात पुढे नेणाऱ्या यंत्रणेचे तीन भाग आहेत: हव्या त्या गोष्टीमागे चिकाटीने लागणं, नव्या मजेसाठी पटकन उडी घेणं, आणि काही मिळालं की मनापासून खुलणं. हे तीन भाग एकाच माणसात सारख्या प्रमाणात असतीलच असं नाही. थोरलीत दुसरा आणि तिसरा ठासून भरलाय, पहिला कमी. याउलट धाकटीत पहिला भरपूर आहे! मी आजवर तिला 'ओढ नसलेली' समजत होते.

बहिर्मुखतेबद्दलही वाचलं. काही संशोधकांच्या मते बहिर्मुख माणसाचा गाभा गप्पिष्टपणा नसून बक्षिसाबद्दलची संवेदनशीलता आहे. माणसांत मिसळणं हे त्याला बक्षीस वाटतं, म्हणून तो मिसळतो.

अडलंय ते इथे. ही ओढ उपयोगाची असेल तर उत्क्रांतीने सगळ्यांना भरभरून का दिली नाही? घातक असेल तर पुसून का टाकली नाही? आणि ते जे 'साहसाचं जनुक' म्हणतात, डीआरडी४, त्यात उत्तर आहे का?

---

अर्धविराम | सोमवार, रात्री ११:२०

फार आतून लिहिलंय. तुमच्या प्रश्नाला मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर पक्ष्यांकडून मिळालं.

नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. पक्षी जंगलात पकडायचा, खोट्या झाडांच्या खोलीत सोडायचा, आणि तो किती झपाट्याने सगळ्या झाडांवर फिरतो ते मोजायचं. काही पक्षी भराभर सगळं पालथं घालतात, काही एकाच फांदीवर बसून निरखतात. हा फरक काही अंशी आईबापांकडून पिल्लांत उतरतो. मोजून झालं की पक्षी परत सोडायचा आणि पुढच्या वर्षी कोण जिवंत आहे ते पाहायचं.

निल्स डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांना दिसलं ते असं. हिवाळ्यात बीच या झाडाच्या बिया कमी पडल्या त्या वर्षी माद्यांमध्ये झपाटेवाल्या जास्त जगल्या आणि नरांमध्ये संथ. बिया मुबलक पडल्या त्या वर्षी दोन्हीकडे चित्र उलटं. एकाच जंगलात, एकाच जातीत 'योग्य स्वभाव' कुठला ते दर हिवाळ्याला बदलत होतं. निवडीचा काटा असा दोन्ही बाजूंना झुकत राहिला तर कुठलाच स्वभाव पुसला जात नाही.

माणसांबद्दल डॅनियल नेटल यांचं काम पाहा. त्यांनी ५४५ ब्रिटिश प्रौढांची माहिती तपासली. जास्त बहिर्मुख असणाऱ्यांना आयुष्यात जोडीदार जास्त मिळाले होते, आणि अपघाताने किंवा आजाराने रुग्णालयात जायची वेळही त्यांच्यावर जास्त आली होती. एकाच ओढीचा नफा आणि तोटा असा एकाच वहीत मांडलेला मिळाला की तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांना उत्तर देतात.

---

शांत_पाणी | सोमवार, रात्री ११:४१

+१. धाकटीबद्दलचं निरीक्षण फार आवडलं. मीही आयुष्यभर 'महत्त्वाकांक्षा नाही' हे ऐकलं, आणि एकच काम तेवीस वर्षं जीव ओतून केलं.

---

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ७:१५

डीआरडी४ बद्दल लिहिणं भाग आहे, कारण हा विषय निघाला की ते नाव येतंच, आणि अर्धवट येतं.

हे जनुक डोपामिनच्या एका ग्राहीचं, म्हणजे पेशीवर डोपामिन झेलणाऱ्या रेणूचं. त्यात डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात ४ वेळा, कुणात ७ वेळा, काहींत आणखी कमीजास्त. १९९६ मध्ये एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध आले आणि दोन्हींत लांब प्रकार असणाऱ्यांना नावीन्याची ओढ जास्त असल्याचं दिसलं. गाजावाजा झाला. नंतर अनेकांनी तोच प्रयोग केला. कुणाला संबंध दिसला, कुणाला नाही. सगळे निकाल एकत्र तपासल्यावर ७ वेळा येणाऱ्या प्रकाराचा नावीन्याच्या ओढीशी ठाम संबंध उरला नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावगुणांतल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक धरला जातो. पण तो वाटा असंख्य जनुकांत विखुरलेला असतो आणि एकेकाचा परिणाम चिमूटभर. 'साहसाचं जनुक' असं एकवचनात काही नाही. आणि ते ४० टक्के लोकसंख्येतल्या फरकाबद्दल आहेत. तुमच्या एका मुलीतला ४० टक्के स्वभाव जन्मजात, असा त्याचा अर्थ होत नाही. ही चूक फार शिकलेली माणसंही करतात आणि तिच्यावरून मुलांचं भविष्य ठरवतात, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

तरीही एक अभ्यास मला टाकवत नाही. केनियातले आरिआल हे पशुपालक लोक. त्यांच्यातले काही अजून गुरांमागे फिरतात, काही अलीकडे स्थायिक झाले. २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात फिरत्या पुरुषांपैकी ७ वाला प्रकार असणारे अंगाने जास्त भरलेले निघाले. स्थायिक झालेल्यांत मात्र तो प्रकार असणारे इतरांपेक्षा कृश. एकच अभ्यास, माणसं थोडी, तेव्हा यावर इमारत उभारू नये. पण अर्धविराम यांच्या पक्ष्यांची गोष्ट जिथे जाते तिथेच हीही बोट दाखवते.

---

सावली | मंगळवार, दुपारी ३:५०

लिहू की नको असं दोन दिवस, म्हणजे कालपासून, चाललंय. 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' वेगळं, हे वाक्य वाचून डोळे भरून आले. हे मी घरात पाहिलंय.

बाबांना पार्किन्सन आहे. म्हणजे डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच कमी होत जाणार. त्यांना डोपामिनसारखं काम करणारं एक औषध सुरू केलं. हातांची थरथर आणि ताठरपणा खरंच कमी झाला, आम्ही खूश होतो. बाबा म्हणजे जन्मभर हिशेबी माणूस. बसचं तिकीटसुद्धा वहीत लिहिणारे. काही महिन्यांनी रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये मोबाइलचा उजेड. बाबा खुर्चीत पुढे वाकून पैसे लावून पत्ते खेळत होते. अंगठा एका लयीत चालला होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी मान वर केली नाही. चेहऱ्यावर मजेची एक रेषही नव्हती. मी विचारलं, "बाबा, आवडतंय का हे?" ते म्हणाले, "नाही गं. पण हात थांबत नाही."

खात्यातून किती गेलं ते लिहीत नाही. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि त्याचंच मला सर्वांत वाईट वाटतं, कारण ती त्यांच्या स्वभावावर रागावली होती. औषध देताना असं होऊ शकतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मीच शोधून वाचलं आणि डॉक्टरांपुढे ठेवलं.

---

प्रयोगवही | मंगळवार, दुपारी ४:३०

सावलीताई, लिहिलंत ते बरं केलंत. हे चांगलं नोंदलेलं आहे. २०१० मध्ये ३०९० पार्किन्सन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं, लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीतरी १३.६ टक्के जणांत आढळलं. बाबांच्या औषधाच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के.

इथे वाचणाऱ्या कुणाच्या घरी ही औषधं चालू असतील तर मनाने बंद करू नका. एकदम थांबवल्याचे वेगळे त्रास असतात. डॉक्टरांना ओढीबद्दल स्पष्ट शब्दांत सांगा. रुग्ण लाजेने सांगत नाही, म्हणून घरच्यांनी विचारायचं.

---

दूरची_वाट | मंगळवार, रात्री ९:१०

सावली, तुझ्या बाबांचं ते एक वाक्य मला सगळ्या वाचनापेक्षा जास्त शिकवून गेलं. आईंना हे आकडे दाखव. त्या माणसावर चिडल्या, पण दोष गोळीचा होता.

प्रयोगवही, जनुकाबद्दल मी चुकीचं धरून बसले होते, आभार.

---

कोरा_कागद | मंगळवार, रात्री १०:२५

माझा एक आक्षेप. उत्क्रांतीच्या या स्पष्टीकरणांत मला नेहमी एक सोय दिसते. 'पूर्वी माणूस रानात भटकत होता, म्हणून आज असा वागतो' हे कशालाही जोडता येतं. धाडसी असेल तर शिकारीमुळे, घाबरट असेल तर वाघामुळे. खोटं ठरवायचं कसं?

---

अर्धविराम | मंगळवार, रात्री ११:५५

आक्षेप योग्य आहे, आणि या विषयात ज्याला हा प्रश्न पडत नाही त्याचं मी फार मनावर घेत नाही. रानातल्या माणसाची गोष्ट मीही टाळतो. खोटं ठरू शकेल असं भाकीत करता आलं पाहिजे. एक सांगतो.

चारा शोधण्याच्या गणितातून असं निघतं: पोट भरेल एवढं नक्की मिळत असेल तर प्राण्याने खात्रीचा घास घ्यावा. पण खात्रीचा घास रात्र काढायला पुरणार नसेल तर जुगार खेळावा, कारण खात्रीने मिळणार आहे ते मरणच. थॉमस कॅराको यांनी जंको या छोट्या पक्ष्यांवर ते तपासलं. एकीकडे दर वेळी ठरलेले दाणे. दुसरीकडे सरासरी तीच, पण कधी कमी कधी जास्त. १९९० च्या प्रयोगात त्यांनी फक्त तापमान बदललं. १९ अंशांना पक्ष्यांनी खात्रीची बाजू निवडली. १ अंशाला, जेव्हा अंग ऊबदार ठेवायलाच जास्त अन्न लागतं, तेव्हा बेभरवशाची. पक्षी तेच, दाणेही तेच. भाकीत चुकू शकलं असतं, चुकलं नाही.

---

प्रयोगवही | बुधवार, सकाळी ७:०५

पुरवणी: इतर प्राण्यांवर हे भाकीत तपासलं तेव्हा निकाल नेहमी इतके स्वच्छ आले नाहीत. पण कोरा_कागद यांना हवी तशी, चूक ठरू शकणारी मांडणी हीच.

आणि मुळं पाहायची तर माणसापर्यंत कशाला थांबायचं? सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याच्या द्विलिंगी प्रकारात मोजून ३०२ चेतापेशी, त्यांतल्या ८ डोपामिनच्या. तो सरपटत जिवाणूंच्या थरावर, म्हणजे त्याच्या अन्नावर आला की वेग कमी करतो. त्या डोपामिनच्या पेशी बिघडवल्या की अन्नावरूनही तसाच पुढे निघून जातो. 'इथे थांबू की पुढे जाऊ' हा प्रश्न, आणि त्यात डोपामिनचा हात, इतका जुना आहे. तुमची थोरली जिगसॉ सोडून सायकलीकडे गेली तेव्हा तोच प्रश्न सोडवत होती, फक्त तिच्याकडे चेतापेशी अब्जावधी जास्त.

---

पोळं | बुधवार, दुपारी १२:४०

मधमाश्या पाळतो, म्हणून राहवलं नाही. पोळ्यातल्या चारा आणणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जणी परतलेल्या माशीने नाचून सांगितलेल्या फुलांकडे जातात. ५ ते २५ टक्के मात्र टेहळ्या असतात. कुणी न सांगता नवं ठिकाण शोधायला निघतात. घर बदलायच्या वेळीही नवी जागा हुडकायला याच टेहळ्यांतल्या पुष्कळ जणी पुढे असतात. इलिनॉय विद्यापीठात जीन रॉबिन्सन यांच्या गटाने २०१२ मध्ये दोन्हींच्या मेंदूतली जनुकं किती चालू किती बंद ते ताडून पाहिलं. डोपामिन आणि ग्लुटामेट (मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन) यांच्या ग्राहींत स्पष्ट फरक निघाला. माश्यांना ग्लुटामेट दिलं तर टेहळणी वाढली, डोपामिनचा मार्ग अडवला तर घटली.

माझ्या डोळ्यांनी सांगायचं तर फुलोरा जोरात असताना या टेहळ्या पोळ्याला भार वाटाव्यात अशाच. रिकाम्या परत येतात, पुन्हा जातात. मग चार दिवसांत बहर संपतो, सगळ्या माश्या जुन्या वाटेवर घिरट्या घालत राहतात, आणि एखादी टेहळी कुठून तरी भलत्याच रंगाचा पराग पायांना लावून येते. दुपारपर्यंत निम्मं पोळं तिच्या दिशेने. सगळ्या टेहळ्या असत्या तर मध कुणी भरला असता, आणि एकही नसती तर पुढचा आठवडा कसा निघाला असता, हे मी पेटीपाशी उभं राहून पुष्कळदा पाहिलंय.

---

शांत_पाणी | बुधवार, दुपारी १:०२

हा प्रतिसाद तीनदा वाचला.

---

कोरा_कागद | बुधवार, संध्याकाळी ६:३०

जंकोंमुळे माझा आक्षेप बराच सैल झाला. आता एक सरळ प्रश्न. सावली यांच्या बाबांना गोळीने ओढलं. पण गोळी न घेता आपल्यातली कितीतरी माणसं तासन्‌तास मोबाइलवर बोट सरकवत बसतात, तेही मजा न येता. ते का?

---

अर्धविराम | बुधवार, रात्री ८:४५

वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत याचं बरंचसं उत्तर आहे. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालतात. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवायला लागा. काही दिवसांत त्या पेशी खुणेला चालतात आणि रसाला गप्प राहतात. खूण दाखवून रस दिलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे त्या मोजतात ती अपेक्षेची चूक. ठरल्याप्रमाणे मिळालेल्या रसाला त्यांच्या लेखी बातमीमूल्य नाही.

२००३ मध्ये त्यांच्याच गटाने रस मिळण्याची शक्यता बदलून पाहिली. रस मिळेल की नाही हे अगदी अर्धंअर्धं असेल तेव्हा खुणेपासून रसाच्या क्षणापर्यंत पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत जाते. पडद्यावर पुढचं काय येईल ते कधीच पक्कं नसतं. निसर्गात ही अनिश्चितता एका झुडपापुरती असायची. फळं संपली की प्राणी पुढच्या झुडपाकडे वळणारच, कारण आधीचं रिकामं झालेलं दिसायचं. पडद्यावरचं झुडूप रिकामं होत नाही.

पौगंडावस्थेतली मुलं धोक्याकडेही जास्त ओढली जातात, आणि मित्र सोबत असले की आणखी. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी ३०६ जणांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला. मित्र पाहत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा पुष्कळ जास्त धोका पत्करला. २४ च्या पुढच्यांत मित्र असण्या-नसण्याने जवळपास फरक पडला नाही.

---

दूरची_वाट | गुरुवार, रात्री ९:३०

आज घरात 'धीर नाही' हा शेरा पुन्हा आला. मी पोळं यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. थोरली ऐकत होती. तिने विचारलं, "टेहळी परत येते ना पण?" येते, म्हटलं. मग ती धाकटीशेजारी जाऊन बसली आणि आकाशातला एकच तुकडा लावून पुन्हा बाहेर गेली.

सावली, बाबा कसे आहेत आता? विचारलेलं चालेल ना?

---

सावली | गुरुवार, रात्री ११:१५

चालेल गं. डॉक्टरांनी ते औषध टप्प्याटप्प्याने कमी करत दुसरं वाढवलं. थरथर थोडी परत आली आहे. खाण्याचा चमचा आता दोन्ही हातांनी धरतात. ओढ एका दिवसात गेली नाही, काही आठवड्यांत ओसरत गेली.

आईला मंगळवारी रात्रीच आकडे दाखवले. ती काही बोलली नाही, पण सकाळी त्यांच्या चहाचा कप त्यांच्यापुढे स्वतः नेऊन ठेवला.

आज मी मुद्दाम बाबांना विचारलं, ते पत्ते अजून दिसतात का? म्हणाले, "दिसतात. कालही जाहिरात आली होती. पाहिली, आणि मग बसचा हिशेब लिहायचा राहिला होता तो लिहिला."